झिपरीची कात

भाद्रपदाचं ऊन तापायला लागलं की मला ते वर्ष आठवतं. पाऊस उघडलेला असतो, जमीन आतून अजून ओली असते, उन्हाबरोबर वाफ वर येते आणि शेडनेटमध्ये पाय टाकला की चष्म्याच्या काचा पांढऱ्या होतात. सणसरच्या रस्त्याला, कालव्याच्या अलीकडं आमची रोपवाटिका आहे, घरही तिथंच. हे दिवस म्हणजे मरायलाही सवड नाही असे. मिरची, वांगी, टोमॅटो, फुलकोबी, सगळ्यांना सगळं आत्ताच हवं असतं. निरवांगीची एक बाई रोज विचारते, "वैनी, माजी मिरची किती बोटं झाली?" पळसदेवचा एकजण रोज रोपांचा फोटो मागतो, जसं काही स्थळच बघतोय. मी ट्रेचे फोटो पाठवते, पाणी मारते, कामाच्या बायांवर ओरडते आणि अकराच्या सुमाराला सगळं टाकून मागच्या खोलीत जाते. तिथं बियाण्याच्या डब्यांशेजारी फळीवर एक मोठी प्लॅस्टिकची बरणी आहे. त्या बरणीत झिपरी राहते.

झिपरी म्हणजे कोळी. जळमटातला काटकुळा नव्हे. जाड पायांचा, केसाळ, जमिनीत बीळ करून राहणारा, ज्याला शिकलेली माणसं टॅरँटुला म्हणतात. आली तेव्हा आठ आण्याच्या नाण्याएवढी होती. आता पाय पसरले तर माझा तळवा भरेल. हा आपला अंदाज, कारण मी तिला कधी हातावर घेतलेलं नाही आणि घेणारही नाही. चावली तर हात चांगलाच सुजतो म्हणे. ती मला ओळखत नाही, हाक मारली तर येत नाही, अंग घासत नाही. मग पाळलीस कशाला, असं माहेरची माणसंसुद्धा विचारतात. बघायला, एवढंच सुचतं.

ती आली नारळाबरोबर. ज्येष्ठात कोकणातून नारळाच्या रोपांचा ट्रक येतो, लोक बांधावर लावायला नेतात. त्या वर्षी ट्रक उतरवून मी रोपांना पाणी देत होते, तर एका पिशवीच्या कडेला, मातीत, पेन्सिल जाईल एवढं भोक दिसलं. भोकाला आतून पांढरं मऊ अस्तर. मी काडी घातली. भोक दिसलं की काडी घालायची, हा माझा स्वभाव, त्याला औषध नाही. आतून कुणीतरी काडी धरली आणि ओढली. मी पाण्याचा पाइप टाकून उडाले आणि शेजारी खुर्चीवर बसलेल्या आबांचं धोतर भिजलं.

आबा म्हणजे माझे सासरे. त्यांची सगळी नोकरी कालव्यावर गेली. कोणतं दार किती उचलायचं, कधी पाडायचं, कुणाच्या रानाला किती पाणी, यातच त्यांचे केस पांढरे झाले. आता रोज न्याहारी करून शेडनेटच्या तोंडाशी खुर्ची टाकतात आणि माझ्या कामावर लक्ष ठेवतात. मला ते खपत नाही आणि ते नसले तर करमतही नाही. त्या दिवशी धोतर पिळत पिळत ते वाकून त्या भोकाकडं बघत राहिले. तेवढ्यात काडी बाहेर ढकलत ती स्वतः बाहेर आली, क्षणभर थांबली आणि परत आत गेली. "क्यास बघ की हिचे," आबा म्हणाले. "झिपरी हाय पार." नाव तेव्हाच पडलं.

आमचे हे बारामतीला कंपनीत आहेत. संध्याकाळी घरी आले, मी तिला मातीसकट ठेवलं होतं त्या डब्यात डोकावले आणि म्हणाले, घरात एक तर ती राहील नाहीतर मी. मी विचारलं, मग तुमची बॅग भरू का. त्यावर ते जेवायला बसले. आजही ते मागच्या खोलीत दारातूनच बोलतात, उंबरा ओलांडत नाहीत.

सोडून द्यावी तर कुठं सोडायची? ट्रकवाल्याला फोन केला. त्यानं चार ठिकाणांहून रोपं भरली होती, कुठल्या मातीतली ही, त्यालाही सांगता येईना. मग बारामतीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या गायकवाड मॅडमना बोलावलं. त्या माझ्याकडून कढीपत्त्याची रोपं नेतात. त्या आल्या, उकिडव्या बसल्या आणि अर्धा तास उठल्याच नाहीत. म्हणाल्या, "पिल्लू आहे. मादी असेल तर वीस वर्षंसुद्धा जगेल. इथल्या माळावर सोडू नका, ही ओल्या डोंगरातली, टिकायची नाही. मुद्दाम धरून आणली असती तर मी तुम्हाला रागावले असते. आता आलीच आहे तर मी वनखात्यात विचारते, तोवर सांभाळा." वनखात्यानं फोटो घेतले, जात कळल्यावर सांगतो म्हणाले. ते 'तोवर' अजून संपलेलं नाही.

सांभाळायचं म्हणजे काय, ते मॅडमनी माझ्या बियाण्याच्या वहीत लिहून दिलं. माती खोल हवी. एका कोपऱ्यात ओल, बाकी कोरडं. बाटलीच्या टोपणात पाणी. आठवड्याला एखादा किडा, पण फवारलेल्या रानातला नको. न खाल्लेला किडा रात्रभर आत ठेवायचा नाही. आणि सगळ्यात शेवटी, खाली रेघ मारून: बाकी काहीही करायचं नाही.

वाचताना मला ते सगळ्यात सोपं वाटलं होतं. माझ्या धंद्यात 'काही करायचं नाही' असा दिवसच नसतो. ट्रेमध्ये कोकोपीट, म्हणजे काथ्याचा भुसा, भरा, बोटानं खळी पाडा, बी टाका, झाका, पाणी मारा, ऊन लागलं की जाळी ओढा, ढग आले की जाळी सारा, वाकलेलं सरळ करा, मेलेलं उपटा. सतरा वर्षं माझी बोटं कुणाच्या ना कुणाच्या मुळाशी आहेत. आणि पंचवीस-तीस दिवसांचं रोप झालं की टेम्पोत बसून जातं. माझ्या हातच्या मिरचीला मिरची लागलेली मी क्वचितच बघते. तिखट मी बाजारातून आणते. त्यामुळं वीस वर्षं जगणारं काहीतरी आपल्या फळीवर आहे, हे मला सारखं आठवायचं आणि कामातून उठून मी बघायला जायची.

बघावं तेवढं थोडंच. ती पाणी कशी पिते ते मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी बायांना हाका मारून बोलावलं. टोपणावर तोंड टेकवून पाच मिनिटं अजिबात न हलता पडून होती. पायांची टोकं एकेक करून तोंडाशी नेऊन साफ करते. तिला आठ डोळे आहेत आणि दिसतं फारच कमी, सगळं पायांना कळतं. रस्त्यानं ट्रॅक्टर गेला की आत. मी अनवाणी आले तर बाहेर, चपला घालून आले तर आत. मग मी चपला बाहेर काढायला लागले. आबा म्हणाले, "विहारात जाताना काढतीस तशी."

खाण्याचा प्रश्न मात्र अवघड होता. आमच्या घरी सकाळी त्रिशरण-पंचशील होतं आणि त्यातलं पहिलंच शील जीव न मारण्याचं. ते म्हणून झालं, चहा झाला की मी शेणखताच्या खड्ड्याशी विटा उलटायला जायची, कारण विटांखाली रातकिडे सापडतात. आबा खुर्चीतून म्हणायचे, "सकाळी शील आन् धा वाजता रातकिडा."

"मी कुठं मारते? मी नुसती सोडते. पुढचं त्या दोघांचं."

"ह्ये वकिलाचं बोलनं झालं."

मग मी चिडायची. शेडनेटमध्ये पांढऱ्या माशीवर फवारतो तेव्हा काय आरती ओवाळतो का, असं विचारायची. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच काठीनं विटा उलटत उभे असायचे. हा प्रश्न मी अजून सोडवलेला नाही. रातकिडा डब्यात पडला की मी तोंड फिरवायचं नाही, एवढं मात्र पहिल्यापासून ठरवलं. द्यायचा तर बघायचं.

वर्षावास चालू होता. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. वाचणारे गुरुजी एकदा सांगत होते, भिक्खू पावसाळ्यात एका जागी राहायचे, कारण या दिवसांत जमिनीवर जीवजंतू फार, चालताना पायाखाली येतात. हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्या वर्षी मला पहिल्यांदा असं वाटलं की भिक्खू काय करायचे ते कळलं, पण ते जीवजंतू त्या तीन महिन्यांत काय करत असतील? येताना आबांना विचारलं. ते म्हणाले, "त्येंचा बी वर्षावासच आसंल."

श्रावणातल्या एका सकाळी झिपरी मेली. तेव्हा ती आइस्क्रीमच्या पांढऱ्या डब्यात होती. झाकण काढलं तर बिळाबाहेर पडलेली, पाय आत वळलेले, रंग उडालेला. काडीनं उचललं तर वजनच नाही. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. दोन महिन्यांची ओळख, ती पण एकतर्फी. कढीपत्त्याच्या बुडाशी खड्डा काढून मी तिला पुरलं. आबांनी टोपी काढून हातात धरली. मी म्हटलं, पाणी जास्त झालं असेल. ते म्हणाले, "आसंल. न्हायतर कमी."

डबा धुवायचा राहून गेला. चार-पाच दिवसांनी धुवायला उचलला, तर बिळाच्या तोंडाशी दोन पाय. केसाळ, काळेभोर, पहिल्यापेक्षा लांब. डबा माझ्या हातातून पडला नाही हे नशीब. मॅडमना फोन लावला, तर त्या इतक्या हसल्या की त्यांना बोलता येईना. "अहो, ती कात. वाढताना टाकतात. बाहेर ढकलून देतात." मी आबांना सांगितलं. "म्हंजी टोपी काढून आपन तिची जुनी कापडं पुरली," ते म्हणाले, आणि दिवसभर मधूनच एकटे हसत राहिले.

आम्ही ती कात उकरून काढली. मातीनं खराब झाली होती, पण होती. नखं होती, पायांवरचे केस होते, दातांसारखे दोन काळे आकडे होते. पोट तेवढं सुरकुतून गेलेलं. पाठीवरचं झाकण उचकटल्यासारखं उघडं, आणि तिथून ती अख्खी बाहेर आलेली. आबांनी ती वर्तमानपत्रावर ठेवली आणि भिंगातून बघत बसले. त्यांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू होता, तरी बघत बसले.

"साप कात टाकताना बघितलाय मी," ते म्हणाले. "कालव्याच्या दगडात. त्येला पाय न्हाईत, सोपं हाय. ही आठ पाय कशी काढती? सांग की. केसासकट, नखासकट?"

मला काय माहीत? पण त्या दिवसापासून आम्हा दोघांना ते एकच वेड लागलं. घरात दुसरा विषय नाही. जेवताना आबा बोटं ताटावर धरून विचारायचे, आधी पुढचे पाय निघत असतील का मागचे. मोबाइलवर बघता आलं असतं. बाया म्हणाल्यासुद्धा. आबा म्हणाले, आपल्या घरात होतंय तर परक्याचं कशाला बघायचं, आणि मला ते पटलं. पुढच्या वेळी आपण दोघांनी बघायचं, असं ठरलं.

आणि पुढच्या वेळी मी काय केलं, ते आठवलं की आजही मला घास गोड लागत नाही.

भाद्रपद संपत आला होता. असंच ऊन होतं. आबांचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, हे त्यांना घेऊन दोन दिवस बारामतीला गेले. झिपरीनं दहा दिवस काही खाल्लेलं नव्हतं. मी डबा उघडला तर बीळच दिसेना. जिथं तोंड होतं तिथं माती आणि जाळं मिळून घट्ट पापडी धरलेली. आता माझ्या धंद्यात पापडी धरणं म्हणजे काय, ते रोपवाटिकेतल्या कुणालाही विचारा. वाफ्यावर पेरलेलं, झारीनं पाणी जोरात पडलं, वरून ऊन लागलं, की मातीला पापडी धरते आणि खालचा कोंब गुदमरतो. दिसली की फोडायची. विचार करायचा नाही. मी सतरा वर्षं बांबूच्या काडीनं पापड्या फोडत आले आहे. मी काडी घेतली आणि फोडली.

खाली झिपरी उताणी पडली होती. आठही पाय वर. मला वाटलं, गेली, गुदमरली, मला उशीर झाला. मी काडीनं तिला सरळ करायला गेले. तेव्हा तिचा एक पाय हलला आणि माझ्या लक्षात आलं की मला दिसतायत ते पाय दोन-दोन आहेत, जुन्याच्या आत नवा, आणि ती अर्धी आत अर्धी बाहेर आहे. मी काडी काढली. पण काडीला जाळं चिकटलं होतं, जाळ्याला कात, आणि ती ओढली गेली.

मी मागं सरले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. तासाभरानं ती बाहेर आली. पांढरट, ओली, थरथरणारी. पाय सात. आठवा कातीतच राहिला होता, आणि जिथून तुटला तिथं पाण्यासारखा एक थेंब आला होता.

मॅडमना फोन केला. त्या या वेळी हसल्या नाहीत. "आता हात लावू नका. खायला देऊ नका. पाणी ठेवा." मी विचारलं, पाय? म्हणाल्या, "पुढच्या कातीला परत येतो, लहानसा का होईना. जगली तर."

आबा हिरवी पट्टी लावून, काळा चष्मा घालून परत आले. मी त्यांना उंबऱ्यातच सांगितलं, नाहीतर मला धीर झाला नसता. ते रागावतील असं वाटलं होतं. ते खाटेवर बसले, चष्मा पुसला, परत घातला. "तिनं दार पाडलं हुतं," ते म्हणाले. "पाडल्यालं दार ज्यानं पाडलं त्यानंच उचलायचं आसतंय. माज्या बत्तीस वर्साच्या नोकरीत म्या दुसऱ्याचं दार कदी उचाललं न्हाय." एवढंच. मला त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

जगली तर, हे दोन शब्द घेऊन मी सगळा आश्विन काढला. लोकांना वाटलं घरात कुणी आजारी आहे. मॅडमना विचारून तिच्यासाठी पारदर्शक बरणी आणली, चकल्यांची असते तसली मोठी. निम्म्यापर्यंत माती भरली. बरणीभोवती काळा कागद गुंडाळला, त्याला एका बाजूला खिडकीसारखी झडप ठेवली, म्हणजे तिला अंधार आणि आम्हाला बघायला जागा. हे काम मी अर्ध्या तासात केलं, कारण ते करण्याचं काम होतं. पुढचं न करण्याचं होतं. सात पायांनी ती लंगडतसुद्धा नव्हती, जागची हलतच नव्हती, हे मला बघवत नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं. पहिले पंधरा दिवस ती एका कोपऱ्यात बसून होती. मी रोज पाणी बदलायची आणि हात पाठीमागं बांधून उभी राहायची. आश्विनी पौर्णिमेला वर्षावास संपला, विहारात खीरदान झालं. घरी येऊन मी एक बारीक रातकिडा सोडला. तो बरणीच्या भिंतीवरून फिरत राहिला. ती हलली नाही. मी तो काढून घेतला. तिसऱ्या दिवशी परत सोडला आणि मी डोळे मिटून उघडते तोवर तिनं तो धरलेला होता. मी पळत बाहेर गेले. आबांना म्हटलं, "खाल्लं." ते म्हणाले, "मला ठावं हाय. म्या सकाळीच बघितलं, पोट बारीक झालंय, आज खाणार."

ऑपरेशननंतर आबांना मुंगीचा पायसुद्धा दिसायला लागला होता. खुर्ची आता शेडनेटच्या तोंडाशी नव्हती, मागच्या खोलीत फळीसमोर होती. झिपरीनं नवीन बीळ नेमकं बरणीच्या भिंतीला लागून केलं होतं, त्यामुळं झडप उचलली की आतलं सगळं समोर दिसायचं. कुठं झोपते, कुठं उष्टं टाकते, कुठं जाळं जाड करते. आबा मला वर्दी द्यायचे. आज माती वर आणली. आज पाठ फिरवून बसली. मला हेवा वाटायचा, कारण माझ्यामागं दिवाळीनंतरची कलिंगडाच्या रोपांची घाई लागली होती आणि मला अकराशिवाय सवड नसायची.

कार्तिकात तिनं खाणं सोडलं. पोट काळं, चकचकीत झालं. मग एका सकाळी बिळाचं तोंड बंद. पापडी. मी झडपेतून बघितलं, काड्यांची जुडी उचलून शेडनेटमध्ये नेऊन ठेवली आणि आबांना म्हटलं, "आबा, ह्या टायमाला आपण दोघांनी बघायचं. कवा पण व्हवू दे, मला हाक मारा. मी तितंच हाय, वीस पावलांवर." ते म्हणाले, व्हय.

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मी सकाळपासून ट्रे भरत होते. कारखान्याकडं उसाचे ट्रॅक्टर चालले होते, आवाज फार होता, म्हणून मी मधून मधून मागच्या दाराकडं कान देत होते. अकरा वाजता एक टेम्पो आला, तो भरून देईपर्यंत एक झाला. जेवायला बोलवायला आत गेले, तर आबा खुर्ची ओढून बरणीला नाक लावून बसलेले. चपला दाराबाहेर. त्यांनी मागं न बघता हात वर केला, थांब म्हणून.

मी वाकून झडपेतून बघितलं. ती सरळ बसली होती. फिकट, मऊ, सगळे पाय पसरून. मी मोजले. परत मोजले. आठ. आठवा काडीसारखा बारीक, दुधी रंगाचा, पण होता. शेजारी कात पडली होती, सात पायांची.

मला आधी रडू आलं आणि त्याच्या पाठोपाठ राग. "कवा झालं?"

"साडेधाला उतानी झाली. बाराच्या फुडं मोकळी."

"मी तितंच होते आबा. दोन तास. मला हाक का न्हाय मारली?"

त्यांनी झडप हळूच खाली सोडली. मी उभीच होते. माझे हात कोकोपीटनं भरलेले होते.

"दोनदा तोंड उगडलं," ते म्हणाले. "सगळं निगालं, आन् त्यो बारका पाय काय निगंना. लई येळ. ती वडायची, थांबायची, वडायची. माजा जीव खालवर. मलाच वाटलं, झाकन काडावं आन् जरा काडीनं सोडवावं. हात गेला हुता झाकनावर." त्यांनी मला हात दाखवला. "मग म्हनलं, बत्तीस वर्सं दारं सांभाळल्याल्या मानसाचं ह्ये हुतंय, तर सुलभाचं काय हुईल? तू आली आस्तीस तर हात घातला आस्तास."

मला खूप काही बोलायचं होतं. मी शिकले होते, दीड महिना हात बांधून काढला होता, काड्यासुद्धा उचलून ठेवल्या होत्या. पण त्यांच्याकडं बघून मला एकदम कळलं की मी हात घातला असता. नक्की घातला असता. मी हात पुसले आणि खाली फरशीवर बसले.

"मग सांगा तरी," मी म्हटलं. "आधी पुढचे निघाले का मागचे?"

"आसं बोलून न्हाय कळायचं," आबा म्हणाले. त्यांनी सदऱ्याची वरची बटणं काढली, डोळे मिटले आणि उजवा हात बाहीतून आत ओढायला लागले. जरा ओढायचे, थांबायचे, श्वास घ्यायचे, परत ओढायचे. खांद्यापासून निघालेला हात कोपरापर्यंत आला आणि तिथं बाही अडकली. म्हातारं कोपर, ओलसर कापड, काही केल्या निघेना. त्यांचं तोंड लाल झालं. माझा हात आपोआप पुढं गेला, नुसतं बाहीचं टोक धरलं असतं तरी झालं असतं. आबांनी डोळे उघडून माझ्याकडं बघितलं.

मी हात मागं घेतला आणि मांडीखाली दाबून धरला. ते परत ओढायला लागले. बराच वेळ लागला. मग निघाला.